संक्षिप्त धावफलक

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये एके काळी एक अलिखित नियम होता. ३० धावा केल्या तरच पोराचं नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात. २९ वर बाद झालात, तर घरी सांगा, शेजाऱ्यांना सांगा, छापून येणार नाही. शारदाश्रम विद्यामंदिराकडून नुकत्याच खेळू लागलेल्या एका मुलाने एका सामन्यात २४ धावा केल्या. स्कोअररला त्याची दया आली म्हणा, कौतुक वाटलं म्हणा; त्याने अवांतर धावांतल्या ६ उचलल्या आणि मुलाच्या नावावर टाकल्या. संघाची बेरीज तीच राहिली, कुणाचं काही बिघडलं नाही. सकाळी नाव छापून आलं. मुलगा हरखला आणि मग त्याने रमाकांत आचरेकर सरांची बोलणी खाल्ली. न काढलेल्या धावा आपल्या नावावर लागू कशा दिल्या, हा सरांचा राग होता. सचिन तेंडुलकरने ‘प्लेइंग इट माय वे’ या आत्मचरित्रात हा किस्सा स्वतःच सांगितला आहे.

या किस्स्यातला सचिन सगळ्यांना दिसतो, सर दिसतात, तो उदार स्कोअररही दिसतो. दिसत नाही तो चौथा माणूस. रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून असे वीसपंचवीस कागद समोर ओढणारा, तिशीच्या वरची नावं तेवढी टिपणारा आणि ‘संक्षिप्त धावफलक’ असं लिहून त्याखाली चार ओळी बसवणारा. त्याने तो सामना पाहिलेला नसतो. एका संध्याकाळी शहरात दहा ठिकाणी सामने झालेले असतात; तो एकटा कुठे कुठे पुरणार? समोरच्या कागदावर तो विश्वास ठेवतो. त्याच्या त्या चार ओळींसाठी मैदानावरचा एक सज्जन माणूस खोटं लिहायला तयार होतो, एवढं वजन त्या ओळींना असतं.

स्थानिक क्रीडा पत्रकार म्हणतात तो हाच. विश्वचषकाला विमानाने जाणारा वेगळा. हा आझाद मैदानावर, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, एखाद्या तालुक्याच्या गावातल्या कबड्डीच्या मांडवात सापडतो.

या पेशात ठरवून येणारे थोडे. बहुतेक जण आधी खेळलेले असतात आणि आपण वरच्या पायरीवर जाणार नाही, हे त्यांना वेळीच उमगलेलं असतं. मैदान सोडवत नाही, मग स्कोअरबुक हातात येतं. त्यातून गावच्या स्पर्धेची बातमी नेऊन देण्याचं काम गळ्यात पडतं, आणि वर्ष-दोन वर्षांत लोक ‘पेपरवाले’ म्हणून हाक मारू लागतात. अगदी वरच्या पातळीवर खेळून लेखणीकडे वळलेलेही आहेत. पुण्याचे बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी करंडक सामने खेळले आणि पुढे आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं धावतं समालोचन करणारे म्हणून घराघरांत पोचले. सुनील गावसकरांच्या ‘सनी डेज’चा मराठी अनुवाद त्यांचाच. २०१५ साली ते गेले, तोवर त्यांचा आवाज ऐकत वाढलेली मुलं आजोबा झाली होती.

पंडितांच्या पिढीपुढचा प्रश्न आज आपल्या लक्षातही येत नाही. खेळ इंग्रजांचा, संज्ञा इंग्रजी आणि ऐकणारा सांगोल्याचा नाहीतर संगमनेरचा. त्याला चेंडू पडला कसा, गेला कुठे आणि गडी बाद झाला कसा, हे तो हवेत असतानाच मराठीत सांगायचं. नाणेफेक, खेळपट्टी, सलामीवीर, यष्टिरक्षक, निर्धाव षटक, पायचीत, धावचीत हे शब्द आज पाचवीतला मुलगा सहज वापरतो. ते कुणीतरी कधीतरी घडवले, घासले आणि लोकांच्या तोंडी बसवले. एका माणसाचं ते काम नव्हे. वर्तमानपत्रांतल्या आणि आकाशवाणीवरच्या कितीतरी जणांचा त्यात हात आहे. सगळेच शब्द नेमके बसले असंही नाही. ‘षटक’ म्हणजे सहाचा गट. पण ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत षटक आठ चेंडूंचं असायचं, आणि मराठी वार्ताहर बिनदिक्कत ‘आठ चेंडूंचं षटक’ असं लिहून मोकळे व्हायचे. ‘त्रिफळा’ तर वैद्याच्या दुकानातून सरळ मैदानात आला. तीन यष्ट्या, तीन फळं, हिशोब बरोबर. चूर्ण आठवून हसणारे हसले, पण शब्द रुळला.

देशी खेळांच्या बातम्यांना हा त्रास नव्हता. तिथे शब्द मातीतूनच आले होते. कबड्डीत चढाई, पकड, लोण. खो-खोत खांब, पळती, ‘अलाहिदा डाव’. कुस्तीत घिस्सा, एकेरी पट, मोळी, ढाक. अडचण निराळीच होती. हे सगळं छापायला पानात जागा कुठे होती?

ही जागा मिळवून देणाऱ्यांत वि. वि. करमरकरांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १८ जून १९६२ रोजी ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला. त्या काळी मराठी दैनिकांत खेळाची बातमी म्हणजे उरलेल्या जागेत भरायचा मजकूर. बाजारभाव, हवामान, आणि खाली दोन बोटं उरली तर क्रिकेट. करमरकर तिथे दोन दशकांहून अधिक काळ क्रीडा संपादक होते, आणि खेळाला रोजची, हक्काची, ठरलेली जागा असते हे त्यांनी मराठी वाचकाच्या आणि त्याहून कठीण म्हणजे मराठी संपादकांच्या अंगवळणी पाडलं. कसोटी क्रिकेटशेजारी कबड्डी, खो-खो, कुस्ती दिसू लागली. रेडिओवरचं मराठी समालोचनही ते करत. ६ मार्च २०२३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले, तेव्हा मराठी क्रीडा पत्रकारितेचे जनक असंच त्यांच्याविषयी सगळीकडे लिहिलं गेलं. असली बिरुदं आपल्याकडे स्वस्त झाली आहेत, पण हे खरं आहे.

ठरलेल्या जागेचं एवढं महत्त्व का? जागा ठरली की कुणीतरी ती भरावी लागते. भरायची म्हणजे मैदानावर माणूस पाठवायला हवा. माणूस गेला की नोंद होते. आणि नोंद झाली नाही, तर खेळ झालाच नाही असं काही वर्षांनी लोक म्हणू लागतात.

डिसेंबर १९४८ मधला पुण्याचा सामना आठवून पाहा. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४९४ मिनिटं खेळले. ४९ चौकार, १ षटकार, नाबाद ४४३. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. डॉन ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम ९ धावांवर आला होता. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. आणखी दोन षटकं द्या, अशी विनवणी झाली. उपयोग झाला नाही. पाहुणा संघ सामना सोडून निघून गेला. दूरचित्रवाणी भारतात यायला अजून ११ वर्षं होती. त्या खेळीतलं आज आपल्या हाती आहे ते धावफलकात आणि त्या दिवसांत ज्यांनी लिहिलं त्यांच्या ओळींत. निंबाळकर अधिकृत कसोटी एकही खेळले नाहीत. मैदानावर कागद-पेन्सिल घेऊन कुणी बसलं नसतं, तर ४४३ ही कोल्हापुरातली एक दंतकथा झाली असती, आणि दंतकथेत दरवर्षी दहा-वीस धावा वाढतच जातात.

दूरचित्रवाणी आल्यावर तरी हे थांबलं का? १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७ वर असताना कपिल देव पुढे नाबाद १७५ पर्यंत गेला. त्याचंही चित्रण नाही. तोही डाव आपण वाचूनच पाहिला आहे.

जिल्ह्याच्या गावात या कामाची तऱ्हा आणखी निराळी. जानेवारीतली थंडीची रात्र, शाळेचं पटांगण, चार कोपऱ्यांना हॅलोजनचे झोत, मध्ये मॅट, निवेदकाचा बसलेला घसा. उपांत्य सामना साडेनऊला सुरू व्हायचा तो साडेदहाला होतो, कारण आमदारसाहेब यायचे आहेत. वार्ताहर गुणलेखकाच्या टेबलामागे उभा. हातातल्या वहीच्या पानाला मधोमध रेघ मारलेली; एका बाजूला चढाया, दुसऱ्या बाजूला पकडी. मध्यंतराचा गुणफलक वेगळा लिहून गोल केलेला. खेळ कळणं हा भाग सोपा असतो. कठीण असतात नावं. पोरं मैदानात एकमेकांना पिंट्या, बाळ्या, डॉन म्हणतात, आणि अर्जावर प्रथमेश लिहिलेलं असतं. सामना संपला की वार्ताहर घामेजलेल्या पोराला गाठतो आणि पूर्ण नाव विचारतो. वडिलांचं, आडनावाचं, ‘ळ’ की ‘ल’ याचंही. हे चुकलं तर सकाळी फोन येतो आणि तो पोराचा नसतो, त्याच्या आईचा असतो. कात्रण घरी चिकटवलं जातं, मग प्रमाणपत्रांच्या फायलीत जातं. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. तिथे लागतं ते प्रमाणपत्र, कात्रण नव्हे. पण त्या फायलीत घरचे लोक आधी उघडून दाखवतात ते कात्रणच.

बातमी लिहून झाली की ती पोचवायची. आज फोनवर टाइप करून क्षणात जाते. १९८०-९० पर्यंत जिल्ह्याचा वार्ताहर कागद पाकिटात घालायचा, वर ‘बातमी, अत्यंत तातडीचे’ असं लिहायचा आणि एसटी स्टँडवर जाऊन शहराच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचा. पलीकडे कचेरीतला शिपाई पाकीट उतरवून घ्यायला यायचा. गाडी घाटात बंद पडली की उपांत्य सामन्याचा निकाल घाटातच मुक्काम करायचा. निकड असली तर ट्रंक कॉल. ओरडून ओरडून आकडे सांगायचे आणि पलीकडच्याने ‘सोळा’चे ‘साठ’ ऐकायचे. शिवाय बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं संध्याकाळीच लागायची. म्हणजे ज्या गावात रात्री अंतिम सामना झाला, त्याच गावात त्याची बातमी सर्वांत उशिरा, परवाच्या अंकात. गाव तोवर सगळा सामना तोंडपाठ म्हणून दाखवत असे. तरी अंक हातात पडल्यावर लोक बातमी वाचायचेच. आपण पाहिलेलं बरोबर लिहिलंय का, ते तपासायला.

आणि मान्यवर! स्पर्धेच्या संयोजकांकडून येणारं पत्रक वाचणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सरपंच, उपसरपंच, पतसंस्थेचे संचालक, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. विजेत्या संघाचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत सापडलं तर नशीब. कसलेला वार्ताहर पत्रक उलटं वाचतो. वरचे दहा-बारा मान्यवर ‘आदी’ या दोन अक्षरांत बसवतो आणि खालच्या ओळीतला चढाईपटू वर आणतो. या एका ‘आदी’ने जेवढे शत्रू केले असतील, तेवढे परखड अग्रलेखांनीही केले नसतील.

कोल्हापुरात शत्रू मिळायला अग्रलेखही लागत नाही, फुटबॉल पुरतो. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावं बाहेरच्याला आखाड्यांची वाटतील. आहेतच ती तालमींची आणि पेठांची, पण हंगामात ती शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि अख्खी पेठ गॅलरीत असते. स्थानिक दैनिकांत या सामन्यांना मोठ्या छायाचित्रासह जागा मिळते. गोल कोणत्या मिनिटाला झाला, पास कुणी दिला, पंचांनी पेनल्टी द्यायला हवी होती का, सगळं सविस्तर. वार्ताहर स्वतः कुठल्या पेठेतला, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक असतं. दुसऱ्या पेठेचा गोल त्याने ‘नशिबाने’ असं लिहिलं, तर त्याला त्या बाजूने काही दिवस न गेलेलंच बरं.

त्याच शहरात शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं खासबाग मैदान आहे. कुस्तीच्या मैदानाची बातमी लिहिणं ही वेगळी विद्या. दोन मल्ल तीन मिनिटं हातात हात घालून फिरतात आणि अर्ध्या सेकंदात एकाची पाठ मातीला लागते. त्या अर्ध्या सेकंदात डाव ओळखायचा असतो. घिस्सा होता की मोळी? चुकीचं छापलं तर सकाळी वस्ताद स्वतः कचेरीत येतात. भांडायला नाही, समजावून सांगायला. ते जास्त लागतं.

एवढं करून मिळतं काय? आतल्या लोकांना हा प्रश्न विचारला की ते आधी हसतात. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन बहुधा छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर, कॉलम-सेंटीमीटर मोजून मिळत आलं आहे. ‘आदी’ वापरून बातमी घट्ट करणारा माणूस स्वतःचंच मानधन कापत असतो, हा या धंद्यातला विनोद. वर दिवाळी आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या, त्याही ज्यांच्या स्पर्धेवर टीका करायची वेळ येऊ शकते त्याच लोकांकडून. म्हणून बरेच जण दुसरी भाकरी राखून असतात. कुणी शाळेत क्रीडाशिक्षक, कुणी विमा एजंट, कुणाचं स्टेशनरीचं दुकान.

दुसऱ्या भाकरीचं मोठ्या पातळीवरचं उदाहरण म्हणजे दादरचे द्वारकानाथ संझगिरी. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता. नोकरी मुंबई महानगरपालिकेत. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते नियतकालिकांतून लिहू लागले. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने १८३ धावांत आटोपूनही वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं. त्या जल्लोषाच्या लाटेवर मराठीत ‘एकच षटकार’ हे क्रीडा पाक्षिक निघालं. संपादक त्या विजयी संघातले शिवाजी पार्कचे संदीप पाटील, कार्यकारी संपादक संझगिरी.

संझगिरींच्या पिढीपुढचा पेच पंडितांच्या पेचाच्या बरोबर उलटा होता. आता लोकांनी सामना स्वतः घरी बसून पाहिलेला होता. धावसंख्या सांगण्यात अर्थ उरला नव्हता, चौकार कसा गेला हेही सांगून झालेलं. मग सकाळी लिहायचं काय? संझगिरींनी गप्पांचा सूर पकडला. ड्रेसिंग रूममधला किस्सा, शहरातलं खाणं, फलंदाजाच्या फटक्याला जुन्या हिंदी सिनेमातली नटी नाहीतर देव आनंदची मान हलवण्याची ढब. वाचकाच्या खांद्यावर हात टाकून बोलावं तसं ते लिहायचे. कधी कधी उपमांची दाटी व्हायची आणि चेंडू मागे राहायचा, हेही खरं. पण त्यांचा लेख पहिल्या दोन ओळींत ओळखू यायचा, ही कमाई छोटी नाही. पुस्तकं चाळिशीच्या घरात गेली. क्रिकेट, सिनेमा, प्रवास, काहीच वर्ज्य नव्हतं. नंतर रंगमंचावर उभे राहून ते हेच बोलायचे आणि लोक तिकीट काढून ऐकायचे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी, ७४ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वर्षानुवर्षं पगाराची नोकरी आणि लेखणी ही दोन्ही ओझी त्यांनी वाहिली, आणि लिखाणात पहिल्या ओझ्याची कुरकुर कधी ऐकू आली नाही.

कौतुक करणं सोपं, ते किती करावं हे ठरवणं अवघड. ४ जानेवारी २०१६ च्या संध्याकाळी कल्याणहून निरोप येऊ लागले, की भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे हा १५ वर्षांचा मुलगा ६५२ धावांवर नाबाद आहे. ए. ई. जे. कॉलिन्सने १८९९ मध्ये इंग्लंडातल्या क्लिफ्टन कॉलेजात केलेल्या नाबाद ६२८ धावांचा ११६ वर्षांचा विक्रम मोडला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईतून कॅमेऱ्यांच्या गाड्या वायलेनगरच्या मैदानावर आल्या. प्रणव नाबाद १००९. १२९ चौकार, ५९ षटकार. संघ ३ बाद १४६५. जगभरच्या वर्तमानपत्रांत रिक्षाचालकाच्या मुलाची गोष्ट झळकली.

ही गोष्ट खरीच होती. तितकंच खरं हेही होतं, की मैदानाची सीमारेषा जवळ होती, आणि समोरच्या आर्य गुरुकुल संघात नेहमीचे थोरले खेळाडू नसून लहान पोरं होती. त्यांचे दोन डाव ३१ आणि ५२ मध्ये संपले. स्थानिक वार्ताहराला हे दोन्ही ठाऊक असतं, कारण ते मैदान त्याने आधी पन्नास वेळा पाहिलेलं असतं. दोन्ही एकाच बातमीत लिहायला हिंमत लागते. त्या दिवशी ज्यांनी लिहिलं, त्यांना जळके म्हणून बोलणी बसली. कॅमेरे दोन दिवसांनी परतले. मुंबई क्रिकेट संघटनेने दिलेली शिष्यवृत्ती कामगिरी मनासारखी होत नाही म्हणून धनावडे कुटुंबाने पुढल्याच वर्षी परत केली, ही बातमीही छापून आली, पण तिच्यामागे गाड्या आल्या नाहीत. पहिल्या बातमीइतकीच दुसरी महत्त्वाची होती असं म्हणावंसं वाटतं. एका मुलाच्या खांद्यावर चार अंकी आकडा ठेवून आपण सगळे निघून गेलो होतो.

विसरणं हा तर आपला राष्ट्रीय खेळच. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले होते. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर शांतता. पद्म पुरस्कार जिवंतपणी नाही, १९८४ साली अपघातात गेल्यावरही नाही. पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिक जलतरणात भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात ही नावं ज्यांनी अधूनमधून छापत ठेवली, ती याच पेशातली माणसं. पुण्याचे क्रीडा पत्रकार संजय दुधाणे यांनी खाशाबांचं चरित्र लिहिलं. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्य जिंकलं, तेव्हा प्रत्येक मराठी दैनिकाला ‘७२ वर्षांनी’ हे शब्द मथळ्यासाठी हाताशी होते. ती ७२ कुणीतरी मोजत आणलेली होती.

आज पान बदललं आहे. आयपीएलच्या महिन्यांत तालुक्याची खो-खो पुन्हा तळाच्या दोन बोटांवर जाते. शालेय सामन्यांचे धावफलक मोबाइलवरच्या ॲपमध्ये चेंडूगणिक दिसतात, त्यात ३० धावांची अट नाही. शून्यावर बाद झालेल्याचंही नाव असतं. हे चांगलंच आहे. स्पर्धेचा शेवटचा क्षण कुणीतरी मोबाइलवर टिपतो आणि अर्ध्या तासात तो गावभर फिरतो. फक्त त्या चित्रफितीत पकड कुणी केली, त्याचं नाव काय, मध्यंतराला गुण किती होते, हे नसतं. आठवड्याने ती खाली सरकते आणि वर्षाने सापडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ ने, महिलांनी ७८-४० ने हरवलं. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात त्यांची छायाचित्रं पहिल्या पानावर होती. अशा खेळाडूंची नावं त्याआधी कितीतरी वर्षं आतल्या पानावर, कंसात, मिनिटं-सेकंदांच्या हिशोबासह छापून येत असतात.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, क्लबात, तालमीत किंवा शाळेच्या कपाटात जुनं स्कोअरबुक, कात्रणांची वही, स्पर्धेची स्मरणिका पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ वही गावच्या वाचनालयाला द्या. देण्याआधी एक करा: ज्यांच्या नावाऐवजी नुसतं आडनाव छापलं आहे, त्यांची पूर्ण नावं सांगू शकणारं कुणी अजून हयात असेल, त्याच्याकडून ती पेन्सिलने बाजूला लिहून घ्या.